हातभर पदर

आमच्या घरात सकाळी साडेसातपर्यंत घर असायचं आणि आठ वाजता तिथे बालवाडी उभी राहायची. ठाकुर्लीला तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढाच आमचा पसारा. ज्या खोलीत रात्री मी आणि धाकटा भाऊ झोपायचो, तिथली घडीची कॉट दुमडून भिंतीला लावायची, गाद्या गुंडाळून तिच्यावर रचायच्या आणि सगळ्या ढिगावर फुलाफुलांची चादर ताणून बसवायची. मुलांना ती टेकडी वाटायची. बाबांची दाढी-अंघोळ सातच्या आत, कारण नंतर मोरी अठ्ठावीस मुलांची. कुकरच्या शिट्ट्याही आठच्या आत, कारण नवं मूल शिट्टीला दचकतं आणि एक रडलं की ओळीने सगळी रडतात. भाजीला फोडणी मात्र आई मुद्दाम नऊला द्यायची. मोहरी तडतडून हिंगाचा वास बाहेरच्या खोलीत आला की रडणारी मुलं हळूहळू गप्प होतात, हा तिचा शोध होता. "आत कोणीतरी स्वयंपाक करतंय म्हटलं की मूल निर्धास्त होतं," असं ती म्हणायची. मालगाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरायची आणि मुलं वाघिणी मोजायला धावायची. पाचापर्यंत सगळ्यांचं बरोबर यायचं, पुढे प्रत्येकाची गाडी वेगळी.

आईची शाळा पूर्ण तिच्या डोक्यात होती. वही एकच, हजेरीची. बाकी सगळं सवयीवर चालायचं आणि त्यातल्या दोन सवयी ती देवाच्या दिव्यासारख्या सांभाळायची. पहिली, मूल हातातून हातात द्यायचं. दारात आणून सोडलं, "जा आत" म्हटलं आणि पाठ फिरवली, हे तिला चालायचं नाही. आणणाऱ्याने मुलाचा हात आमच्या हातात द्यायचा आणि आमची पकड बसल्याशिवाय आपली सोडायची नाही. नेतानाही तसंच. दुसरी सवय पदराची. प्रवेश घ्यायला आलेल्या प्रत्येक आईकडून ती रोजच्या जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा मागायची. "दोन दिवस नेसा, त्यातच स्वयंपाक करा, मग फाडून द्या. धुवू नका." भिंतीला मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर लाकडी खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर एक चित्र, बदक, छत्री, पेरू, किटली. त्यावर ज्याचा त्याचा तुकडा. मुलं त्याला पदर म्हणायची. रडू आलं की मूल उठायचं, आपला पदर काढायचं, तोंडाशी धरून टेकडीच्या आडोशाला बसायचं, आणि थोड्या वेळाने पदर जागेवर अडकवून खेळायला परत यायचं. त्याला कोणी काही विचारायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेकांचे पदर सुटायचे. ज्यांचे सुटायचे नाहीत त्यांचे वर्षभर राहायचे.

या दोन्ही सवयी आईइतक्याच सिंधूमावशीच्या होत्या. सिंधूमावशी रुळांपलीकडच्या चाळीतून यायची, मी चौथीत होते तेव्हापासून. मुलांचं शू-शी, नाक, नखं, सांडलेलं पाणी, हे सगळं तिच्याकडे. तिच्या खांद्यावर पदराला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची, कारण बालवाडीत रोज एक तरी बटण तुटतं. रविवारी ती विहारात जायची आणि सोमवारी येताना तिथल्या खिरीचा डबा आमच्यासाठी आणायची. तिच्याशिवाय ती शाळा एक दिवस चालली नसती.

त्या मोरीतच आई घसरली. अठ्ठावीस मुलांचे हात धुऊन झालेले, फरशीवर साबण, आणि आई पाट उचलायला वाकली. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर झालं. दिवसा आमच्या घरात आडवं व्हायला जागाच नव्हती, कारण घर शाळेत गेलेलं. म्हणून तिला दीड महिन्यासाठी कोलशेतला तिच्या बहिणीकडे नेलं. मी एकोणीस वर्षांची होते, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज दुपारचं. आई रिक्षात बसताना म्हणाली, "सिंधूला विचारत जा."

मी काही विचारलं नाही. मी याद्या केल्या.

त्या वयात मला वाटायचं की आईला जमत नाही म्हणून ती लिहून ठेवत नाही. पहिल्याच शनिवारी मी बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापले आणि स्केचपेनने लिहायला बसले. डब्याची यादी, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पोहे, गुरुवारी फळ, शुक्रवारी आवडीचं. पाण्याचं पिंप कोणी कधी भरायचं. नखं कोणत्या वारी बघायची. जादा चड्ड्यांच्या पेटीत किती चड्ड्या हव्यात. आणि सगळ्यात मोठा पुठ्ठा, माझ्या अभिमानाचा, दाराच्या आतल्या बाजूला टांगलेला: कोणत्या मुलाला कोण नेणार. मुलाचं नाव, त्यापुढे तीन नावं, नातं, सही. आईच्या काळात हे सगळं चेहऱ्यांवर चालायचं. सिंधूमावशीने पुठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय. आता मला काय तोंड बघायची गरज नाय." मला ते कौतुक वाटलं. आज मी कोलशेतलाच, उंच टॉवरांच्या सावलीत, ऐंशी मुलांचं केंद्र चालवते. तिथे कॅमेरे आहेत, फोनवर आकडा आल्याशिवाय आम्ही मूल सोडत नाही, आणि याद्या अजून मीच करते. याद्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या पुठ्ठ्यावर मी जे लिहिलं त्याचा राग मला अजून येतो. तो राग माझ्यावर आहे, आणि जिने ते लिहवून घेतलं तिच्यावरही.

जुई साडेतीन वर्षांची होती. खुंटीवर किटलीचं चित्र. कमी बोलायची, पण कामाची होती. डबे संपल्यावर सतरंजीवरची शितं बोटाने टिपून गोळा करायची. तिची आई सुजाता जूनमध्ये तिला आणायची तेव्हा दोघी रस्ताभर काहीतरी बोलत यायच्या आणि दारातही त्यांचं बोलणं संपायचं नाही. मग सुजाता यायची बंद झाली. कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिने ठाण्यात एका औषधांच्या दुकानात नोकरी धरली होती. सासूने सांगितलं, नोकरी ठेव नाहीतर घर ठेव. भांडण झालं, सुजाता दोन दिवस डोकं शांत व्हावं म्हणून टिटवाळ्याला माहेरी गेली, आणि परत आली तेव्हा दार उघडलं नाही. मुलगी आत होती. दार वाजवणाऱ्या आईचा आवाज आत ऐकू येत असणार, एवढी त्या इमारतीची दारं पातळ होती. शेजारपाजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. हे मला आमच्या शेजारच्या काकूंनीच सांगितलं, भाजी निवडत, जणू कोणाच्या तरी नळाला पाणी आलं नाही.

माझ्या दुसऱ्या आठवड्यात जुईची आजी पत्र घेऊन आली. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, पायात नव्या चपला. तिच्याबद्दल एक गोष्ट मी आधीपासून बघत होते. जुईला आणल्यावर दारात सिंधूमावशी असली, तर ती जुईचा हात सोडून एक पाऊल मागे सरायची आणि डबा उंबऱ्यावर ठेवायची. सिंधूमावशी वाकून डबा उचलायची आणि जुईचा हात धरायची. दारात मी असले की मात्र डबा माझ्या हातात. एवढं दिसत असून मी काही बोलले नाही. माझ्या कोणत्याच यादीत त्यासाठी रकाना नव्हता.

"आई नाही का तुझी?" तिने विचारलं.

"कोलशेतला आहे. आता मी बघते सगळं."

"बरं झालं. तू शिकलेली आहेस." तिने घडी केलेला कागद पुढे केला. मुलीला तिच्या आईच्या ताब्यात देऊ नये, तिला शाळेत भेटू देऊ नये, असं त्यात होतं. खाली वडिलांची सही. सही मुलाची होती, अक्षर आजीचं. "तुझ्या त्या पुठ्ठ्यावर नाव असेल तिचं. ते खोडून टाक. माझ्यासमोर."

मी लाल पेन आणलं. पट्टीही आणली. सुजाताच्या नावावर सरळ, स्वच्छ रेघ मारली, आणि मला त्या क्षणी आपण फार जबाबदार माणूस आहोत असं वाटलं. पट्टी आणायला मी आत गेले होते, परत आले होते, तेवढ्या वेळात मला एकही प्रश्न पडला नव्हता.

निघताना ती खुंट्यांपाशी थांबली. "ही लक्तरं कसली टांगलीत? वास मारतोय. अगं, शाळा आहे का बोहारणीचं गाठोडं? तुझी आई जुन्या वळणाची. पण तू तरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच वास येत होता. घामाचा, फोडणीचा, लाळेचा, अठ्ठावीस घरांचा. एवढ्या वर्षांत तो कधी जाणवला नव्हता आणि आता दुसरं काही जाणवेना. रविवारी सिंधूमावशी विहारात होती. मी एकटीने सगळे पदर काढले, सोडा घालून बंबाच्या पाण्यात उकळले, घासले, नीळ दिली, स्टार्च केला, गॅलरीत दोरीवर वाळवले, इस्त्री केली. कडा सुटल्या होत्या तिथे दुमडून शिवल्या. संध्याकाळी अठ्ठावीस चौकोन खुंट्यांवर असे लटकत होते की बाबा म्हणाले, "वा! मंजू, दवाखाना वाटतोय." मी तेही कौतुक समजले.

सोमवारी साडेआठला पहिलं मूल पदराकडे गेलं. त्याने तो तोंडाशी नेला, बाजूला धरला, पुन्हा नेला, आणि खाली टाकून असा टाहो फोडला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. मग दुसरं. मग तर कारण नसलेलीही रडायला लागली. नऊची फोडणी मी साडेआठलाच दिली, काही उपयोग झाला नाही. सिंधूमावशी आली, तिने एक पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कोणी सांगितलं हे?"

"वास येत होता."

"वास यायलाच ठेवलेत ते. आठवड्याला तुझी आई फक्त उन्हात घालते." तिने पदर घडी करून खुंटीवर ठेवला. "चल, प्रत्येक आईला निरोप दे. उद्या सगळ्यांनी नवे आणा म्हणावं."

मी लगेच यादी केली. सत्तावीस नावांपुढे खूण करायची जागा. तीन दिवसांत सव्वीस तुकडे आले, एक आई गाऊनच वापरायची, तिने गाऊनची बाही दिली. रडणं थांबलं. सिंधूमावशीने यादी बघून फक्त एवढंच विचारलं, "सत्तावीस का? पोरं तर अठ्ठावीस."

जुई रडलीच नव्हती. सोमवारच्या त्या गोंधळात तिने आपला पदर काढला होता, हुंगला होता, उलटा करून पुन्हा हुंगला होता, आणि खुंटीवर परत ठेवला होता. नीट, चारी कोपरे जुळवून. त्यानंतर ती त्या भिंतीकडे गेली नाही. शितं टिपायची बंद झाली. डबा उघडायची आणि बंद करायची. गुरुवारी तिने चड्डीत केली, जूनपासून पहिल्यांदा, आणि सिंधूमावशी तिला धुऊन देत असताना जुई म्हणाली, "आई कापडातून गेली." सिंधूमावशीने मला हे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, चड्डी पिळत. सुजाताचा त्या मुलीजवळ उरलेला तेवढा एक हातभर अंश मी सोडा घालून उकळला होता. आणि ज्या बाईने मला लाज वाटायला लावली तिला हे माहीत होतं की नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. नात आत शिरून त्या खुंटीकडे जाताना रोज दारातून बघणारी बाई ती. माहीत नसेल, असं मला आता वाटत नाही.

त्या रविवारी वही घेऊन मी कोलशेतला गेले. आई पाय उशीवर ठेवून बसली होती, तिची बहीण, माझी मावशी, तिच्यासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होती. पिंप, चड्ड्या, नखं, सगळ्याचा हिशोब मी दिला. शेवटी पदरांचं सांगितलं. मावशीचा चमचा भांड्यातच थांबला.

"मला आधी सांगायचंस ना, का ठेवतात ते," मी म्हणाले. रडू येत होतं म्हणून आवाज चढला.

"सिंधूला विचार म्हणाले होते मी."

"पण आता काय करू? ते पत्र आहे. सही आहे. सुजाताला शाळेत भेटू द्यायचं नाही, मुलगी द्यायची नाही."

"पत्र वाच मला."

ते माझ्या वहीतच होतं. मी वाचलं. आईने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "यात मुलीबद्दल लिहिलंय. कापडाबद्दल काय लिहिलंय?"

बुधवारी कॉलेज बुडवून मी टिटवाळ्याला गेले. मंगळवारी तिथे देवळाची गर्दी असते, म्हणून बुधवार. तेव्हा टिटवाळ्यात इमारती कमी आणि पायवाटा जास्त होत्या. सुजाताचं माहेर स्टेशनपासून बरंच आत, पत्र्याचं छप्पर, दारात कढीपत्त्याचं झाड. ती ओट्यावर बसून साड्यांना फॉल लावत होती. नोकरीही गेली होती, टिटवाळ्याहून रोज वेळेत पोचणं जमेना म्हणून. मला बघताच तिच्या हातून सुई पडली.

"जुईला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे." मग मी सगळं सांगितलं. लाल रेघेपासून. ते सोपं नव्हतं, पण लपवून काही मागायची मला सवय नाही. तिने ऐकून घेतलं. तिचे वडील आतून खोकत होते, त्यांना तिने पाणी नेऊन दिलं, परत आली.

"पट्टीने मारलीस रेघ?"

"हो."

"आमच्या सासूबाईंना आवडलं असेल." ती हसली, ते हसू मला कानाखाली मारल्यासारखं लागलं. मग तिने फॉल कापायची कात्री उचलली, पदर पुढे घेतला आणि कात्री माझ्याकडे दिली. "तूच काप. माझा हात सरळ चालणार नाही."

"ही नको, नेसलेली आहेस. एखादी जुनी..."

"जुनी तिकडे, त्यांच्या कपाटात. ही डोहाळजेवणाला त्यांनीच घेतलेली, अंगावर होती म्हणून आली. चार दिवस नेसतेय. घामाची आहे, फोडणीची आहे. काप."

हिरवी सुती साडी, पिवळ्या बुट्ट्यांची. मी हातभर कापली. तिने तुकडा एकदा गळ्याभोवती घट्ट गुंडाळला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग पोळ्या गुंडाळायच्या फडक्यात बांधून दिला. येताना मी तो मांडीवर धरून बसले होते, कोणाचा हात लागू नये म्हणून.

गुरुवारी सकाळी सिंधूमावशीने फडकं उघडलं आणि म्हणाली, "अर्धा मला दे."

"अर्धा कशाला? हातभरच आहे. नियम हातभराचा आहे."

"दे म्हटलं की द्यायचं."

मला राग आला. आईचाच नियम मोडून ही काय करते आहे? पण तीन आठवड्यांत एवढं शिकले होते की वाद घातला नाही. अर्धा पदर किटलीच्या खुंटीवर गेला. जुई आली, चप्पल काढली, आत बघितलं. हिरवा रंग तिला लांबूनच ओळखू आला असावा. ती धावली नाही. चालत गेली, पदर काढला, टेकडीच्या आडोशाला बसली आणि डबा खायची घंटा होईपर्यंत तिथेच होती. मग येऊन बसली, डबा उघडला, खाल्ला, आणि सतरंजीवरची शितं टिपायला लागली. सिंधूमावशी मोरीत गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी आजी अकरालाच आली. कोणाकडे तरी बारसं होतं, जुईला न्यायचं होतं. दारात मी होते. तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेलं.

"ती हिरवी कोणाची?"

सांगायची गरज नव्हती, साडी तिनेच निवडलेली होती. ती चपला न काढता आत आली. मुलं सतरंजीवर होती, तिने त्यांच्यामधून वाट काढली, खुंटीवरचा तुकडा ओढला.

"मी घेतलेली साडी! डोहाळजेवणाची! फाडून इथे लक्तर केलं तिने? आणि तू जाऊन आणलंस? पत्र दिलं होतं ना तुला?"

"पत्रात मुलीला देऊ नये असं आहे," मी म्हणाले. "मी दिली नाही. भेटूही दिलं नाही. कापडाबद्दल पत्रात काही नाही."

"वकिली करतेस माझ्याशी? एवढीशी पोरगी!"

"मुलं बघतायत," सिंधूमावशी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. तुला विचारलंय कोणी?"

तीन महिने उंबऱ्यावर ठेवलेला प्रत्येक डबा मला आठवला. "विचारायला हवं होतं," मी म्हणाले. "तुमच्या नातीचं ढुंगण कोण धुतं, नाक कोण पुसतं, ती दिवसभर कोणाचं नाव घेते, हे सगळं त्यांना विचारायचंत. तुम्ही तर त्यांच्या हातात हातसुद्धा देत नाही. आणि हे कापड आहे. कापडाला घाबरता तुम्ही?"

तिने तो तुकडा खरकट्याच्या बादलीत टाकला. उसळीचा दिवस होता. वरून पायाने दाबला, नवी चप्पल ओली होईल याचंही भान तिला राहिलं नाही. "नाव काढा हिचं पटावरून. उद्यापासून येणार नाही. जुई, चल."

जुई उठून उभी राहिली होती. मी तिचा हात धरला. आजीने दुसरा धरला. दाराच्या आत माझाच पुठ्ठा टांगलेला होता. जुईच्या नावापुढे पहिलं नाव आजीचं, नात्यासकट, सहीसकट. पुढे वडिलांचं. मग लाल रेघ. मूल आणणाऱ्याला द्यायचं, यादीतल्या माणसाला, हातातून हातात. सगळे नियम तिच्या बाजूचे होते आणि अर्धे मी केलेले होते. मी हात सोडत नव्हते. जुई दोघींच्या मध्ये ताणली जात होती आणि रडत नव्हती.

"मंजू, सोड," सिंधूमावशी म्हणाली. "पोरीचा खांदा निखळंल. सोड. दप्तर देते तिला."

त्या क्षणी मला सिंधूमावशीचा आजीहून जास्त राग आला. मी सोडला. सिंधूमावशीने जुईचं छोटं लाल दप्तर तिच्या पाठीला लावलं, दोन्ही पट्टे सारखे केले, आणि जुईच्या कानाशी काहीतरी बोलली. आजी तिला ओढत पायऱ्या उतरली.

मी दारात उभी होते. गल्लीच्या वळणापर्यंत जुई मुकाट चालली. तिथे तिने एक खांदा सोडवला, मग दुसरा, दप्तर पुढे घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं आणि त्याच्या झाकणात तोंड घातलं. तशीच चालायला लागली, समोर न बघता.

"दप्तर पाठीला लाव!" आजीचा आवाज आमच्यापर्यंत आला. "पडशील! काय आहे त्या दप्तरात एवढं?"

मी वळून बघितलं. सिंधूमावशी खांद्यावरची सुई काढून तिच्यात उरलेला दोरा ओढून टाकत होती. दोरा लाल होता.

"झाकणाच्या अस्तराआत आहे, डाव्या कोपऱ्याला," ती म्हणाली. "तिला दाखवून ठेवलेलं मी. ती बाई एक दिवस बघणार हे ठरलेलंच होतं. कपडे धुतात, रुमाल धुतात. दप्तर कोण धुतंय?"

मग ती बादली घेऊन मोरीत गेली, कारण मुलांचे हात धुवायचे राहिले होते.

जुई पुन्हा आली नाही. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. ते लोक वर्षभरात जागा बदलून गेले. मी टिटवाळ्याला आणखी एकदा गेले, तेव्हा त्या घरी सुजाता नव्हती, वडील नव्हते, कढीपत्ता होता. आमच्या केंद्राच्या प्रवेशअर्जात आजही एक ओळ आहे: आईच्या रोजच्या वापरातल्या सुती कपड्याचा तुकडा, हातभर, न धुतलेला. पालक हसतात, काही जण आरोग्याचा मुद्दा काढतात, एकांनी तर मला त्यावर लेखी खुलासा मागितला. मी देते खुलासा. एका ओळीचा: आमच्याकडे मुलं राहतात.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. अठ्ठाविसातली सत्तावीस मुलं गेल्यावर, सतरंजी झटकून कॉट मांडायच्या आधी, मी दारामागचा पुठ्ठा काढला. जुईची ओळ खोडायची होती, पटावरून नाव काढायचं म्हणजे ओळ खोडायचीच. मी काळं पेन घेतलं. लाल रेघेखाली सुजाताचं नाव अजून वाचता येत होतं. त्याच्या वर, मोकळ्या जागेत, मी ते पुन्हा लिहिलं, पहिल्या क्रमांकाला, नात्याच्या रकान्यात 'आई' असं. मुलगी शाळेत नव्हती, नेणारं कोणी येणार नव्हतं. सिंधूमावशी केर काढत होती, तिने केरसुणी थांबवून वाचलं.

"पट्टी आणू?" ती म्हणाली.

"नको," मी म्हणाले, आणि पुठ्ठा परत दारामागे टांगला.